कडीचं फडकं

१

चिखल ओला असतानाच काढायचा असतो. वाळला की तो भिंतीला आपलं घर समजतो, मग खरवडताना गिलावाही सोबत घेऊन येतो. हे ज्यांना कळत नाही ते आधी पोटभर रडतात, मग मोडक्या कपाटाचे फोटो नातेवाइकांना पाठवतात आणि मग कुणाकडे फावडं मिळेल का ते विचारत फिरतात. मी परत आले त्याच दिवशी बाह्या वर सारल्या आणि कामाला लागले. भिंती वरून खाली धुवायच्या, मग जमीन, आणि शेवटी दाराकडे उलटं चालत बाहेर पडायचं. वादळाचा मोसम आमच्या पाचवीला पुजलेला आहे, त्यामुळे हे हात न सांगता करतात.

"तू झाडू धरतेस ना, तेव्हा लढाईला निघाल्यासारखी दिसतेस," असं मिस्त्री म्हणायचे.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सुतार. गल्लीतली निम्मी दारं आणि छपरं त्यांच्या हातची. मी ताडपत्र्या शिवते. मला ते कुणी शिकवलं नाही. एक फाटकी ताडपत्री टाका टाका उसवून बघितली आणि शिकले. लग्नानंतर मिस्त्रींना माझी गाठ शिकवली. ते डावखुरे, त्यामुळे त्यांची गाठ नेहमी उलटी पडायची. आवळ तोच, पण शेपूट डावीकडे. मी चिडवायचे, "मिस्त्री, तुमच्या गाठीने तोंड फिरवलंय." ते म्हणायचे, "तुझ्यासारखीच आहे मग."

या वेळी भिंती मी एकटीने धुतल्या, कारण मिस्त्री सापडले नव्हते.

आमच्या गल्लीचा एक नियम आहे. घर सोडताना पुढच्या दाराच्या कडीला फडकं बांधायचं. फडकं दिसलं की आत कोणी नाही, म्हणजे होडीवाल्याने तिथे जीव धोक्यात घालू नये. घरात परत शिरणाऱ्याने ते सोडून आत न्यायचं. फडकं नाही म्हणजे आत माणूस आहे.

वादळाच्या दिवशी मी फडकं बांधलं होतं. लाल, हिरव्या दोऱ्याने कड शिवलेलं. गल्लीत गुडघाभर पाणी होतं. मिस्त्री पुलापलीकडे कुणाच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला गेले होते. होडीवाल्याने मला शाळेतल्या निवाऱ्यात नेऊन सोडलं, आणि मागून पाणी छपरापर्यंत चढलं.

पाणी ओसरल्यावर दारावर फडकं नव्हतं. तेव्हापासून गल्ली म्हणते, म्हातारी बांधायला विसरली. मिस्त्री आले, फडकं दिसलं नाही, बायको आत आहे समजून तिला शोधायला शिरले आणि गेले.

माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. तेवढी छाती कुणाची नाही. पण मी नळावर गेले की बोलणं थांबतं.

२

सगळ्या घरात धड राहिलेली वस्तू एकच, माझं शिलाई मशीन.

ते मागच्या खोलीत असतं. लोखंडी, जुनं, दोन माणसांनी धापा टाकत उचलायचं धूड. मी ते जमिनीवर सोडून गेले होते. परत आले तेव्हा ते भिंतीतल्या उंच फळीवर होतं. माझ्या ताडपत्रीत घडीवर घडी घालून गुंडाळलेलं आणि दोरीने करकचून बांधलेलं. सोडलं तर आत तेलाचा वास तसाच, सुई लखलखीत. गाठीचं शेपूट डावीकडे होतं.

म्हणजे मिस्त्री घरी आले होते. यात शंका नको. पाण्याने ओसरताना मागचं दार चौकटीसकट ओढून नेलं होतं. त्याबरोबर आणखी काय नेलं, ते पाण्यालाच ठाऊक.

मागच्या खोलीच्या भिंती मी धुतल्या, उन्हं लागू दिली आणि पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. मिस्त्री आल्यावर त्यांनी काळ्या भिंती बघू नयेत, एवढंच डोक्यात होतं. हो, आल्यावर. मला वेडी म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं.

सकाळी खोलीत गेले तर चारही भिंतींवर घोट्याइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. सरळ, दोरी धरून आखल्यासारखी. जमीन कोरडी खडखडीत.

मी पुसली. दुसऱ्या सकाळी रेघ गुडघ्यापाशी होती.

माझी धाकटी लेक मदतीला आली होती. ती बस चालवते, त्यामुळे घरातही बोलते ते मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. "आई, भिंत ओल ओढतेय! जमिनीत पाणी मुरलंय, ते वर चढतंय. चुना काय घाईघाईत मारलास?"

"ओल चढते ती वेडीवाकडी चढते. ही बघ, पातळीत आहे."

"मग पातळीत चढली! तुझ्या धाकाने."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. तिचंही बरोबर असेल, म्हटलं. ओलीला काय, कशीही चढेल.

पण फळीखालच्या भिंतीवर, जिथे मशीन ठेवायला माणूस उभा राहील तिथे, रेघ तुटली होती. तिथे चिखलच नव्हता. खाली दोन पांढरे पट्टे, पायांएवढे रुंद, एकमेकांपासून जरा दूर. पाणी चढत असताना भिंतीला पाठ लावून कोणी उभं असेल, तर त्याच्यामागे भिंत कोरी राहील ना, तशी.

धाकटीला ते दाखवलं नाही. ती म्हणाली असती, तिथे चुना जास्त बसला असेल. आणि खरं सांगते, मला ते ऐकायचं नव्हतं.

३

होडीवाला दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, येऊ का?"

"आलायसच की. पाय पूस, नाहीतर फडकं हातात देईन आणि अख्खी पडवी पुसून घेईन."

तो बसला नाही. भला माणूस आहे, पण भल्या माणसांना गप्प बसता येत नाही. "मावशी, रागावू नका. मला झोप लागत नाही म्हणून सांगतो. मी परत इथून गेलो तेव्हा फडकं नव्हतं. मी हाका मारल्या. वारा असा होता की माझी हाक मलाच ऐकू येईना. मला वाटलं, मावशीला तर मीच शाळेत सोडलंय. घाईत बांधायचं राहिलं असेल. म्हणून पुढे गेलो."

"माझं राहिलं असेल?"

"माणूस विसरतं, मावशी."

"तुझ्या होडीचं छत कोणी शिवलं?"

"तुम्ही."

"आणि बांधलं कोणी?"

"तुम्हीच."

"वादळात सुटलं?"

त्याने मान हलवली. सुटलं नव्हतं. त्याच छताखाली त्याने माणसं वाहिली होती.

"मग माझी गाठ तुझ्या होडीवर टिकते आणि माझ्याच दारावर सुटते का रे?"

तो जायला वळला आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. ठक ठक, ठाक. दोन हलके, एक जड. थोडं थांबून पुन्हा. ठक ठक, ठाक.

मिस्त्री खिळा असाच मारायचे. दोन टोले खिळा धरायला, एक बसवायला. ते कुठे काम करतायत, हे मी गल्लीच्या टोकावरून सांगू शकायचे.

"पत्रा तापला की वाजतो," होडीवाला म्हणाला. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"वाजतो," मी म्हटलं.

आभाळ तेव्हा भरलेलं होतं. ऊन कुठेच नव्हतं.

४

रेघ कमरेपाशी आली. मग बरगड्यांपाशी.

कोरी जागा आता पट्ट्यांसारखी नव्हती. पाय होते, वर कंबर होती. एक खांदा दुसऱ्याहून किंचित खाली असावा असा वाक होता. रंधा मारून मारून मिस्त्रींचा डावा खांदा उतरला होता. कोट त्यांना कधी नीट बसलाच नाही.

मी पुसत होते आणि रेघ परत येत होती, रोज थोडी वर. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की मी चुकीचं काम करतेय. पाणी चढतंय आणि मी भिंत पुसतेय! बुडणाऱ्या माणसाला फडक्याचा काय उपयोग?

मी पुढच्या खोलीतली लोखंडी खाट फरफटत आणली आणि त्या भिंतीला लावली.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

"असू दे."

"आई, तिथे बसायलासुद्धा जागा राहिली नाही. माणसाने उभं कुठे राहायचं?"

"खाटेवर," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता बाहेर गेली. तिलाही दिसलं होतं. लेक माझीच आहे, न दिसायला काय झालं.

सकाळी रेघ छातीच्या उंचीवर होती. पण कोरी जागा आता जमिनीपासून सुरू होत नव्हती. खाली सगळा चिखल भरला होता. पांढरे पाय खाटेच्या कडेपासून वर निघाले होते.

ते खाटेवर चढले होते.

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण त्या भीतीच्या आत काहीतरी होतं, त्याला मी काय नाव देऊ? माझं ऐकलं होतं त्यांनी. जन्मभर ऐकलं नाही मेल्या माणसाने, आणि आता ऐकलं.

मी खाटेवर पेटी चढवली. पेटीवर त्यांनीच केलेलं स्टूल ठेवलं. रोज सकाळी पांढरे पाय आणखी वर सापडत होते आणि रोज रेघ त्यांच्या मागे येत होती. वरती पत्रा होता.

५

शेजारणीला आम्ही भोंगा म्हणतो. तिचं छप्पर उडालं होतं. ती भिंतीवर मांड टाकून बसली आणि वाचली. तिनेच मिस्त्रींना पाण्यातून घराकडे येताना पाहिलं होतं. मी तिच्या नव्या ताडपत्रीच्या कडेला दोर शिवत होते तेव्हा ती म्हणाली, "तुमचं मात्र बरं. पत्रा हललासुद्धा नाही. मिस्त्रींचं काम!"

खरं होतं. गल्लीत एकच छप्पर शाबूत राहिलं, आमचं. आधीच्या एका वादळानंतर मिस्त्रींनी एकेका पत्र्याला दुप्पट बोल्ट मारले होते. खालून वाशाला आकडा, वरून नट. वर म्हणजे बाहेर. "आता उडवून दाखव म्हणावं," असं म्हणून त्यांनी आभाळाला पाना दाखवला होता.

ज्यांची छपरं उडाली ते सगळे वर चढून वाचले.

"एक विचारू?" मी भोंगाला म्हटलं. "ते येत होते, तेव्हा हाका मारत होते का? माझ्या नावाने?"

"नाही गं. शिटी वाजवत होते. मी म्हटलं, बघा, लोकांची घरं वाहतायत आणि हे शिटी वाजवतायत!"

सुई माझ्या बोटात गेली.

बायको बुडतेय असं ज्याला वाटतं तो शिटी वाजवत येत नाही. आणि तो दोन माणसांचं मशीन एकट्याने फळीवर चढवत नाही, घडीवर घडी घालून बांधत बसत नाही. त्यांना ठाऊक होतं की मी घरात नाही. ते कसं कळणार? दारावर फडकं असल्याशिवाय?

फडकं होतं. मी बांधलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि नियमाने, स्वतःच्या हाताने सोडून आत नेलं, कारण आता आत माणूस होता. कडी मोकळी होती ती त्यांनी मोकळी केली म्हणून. मी आत आहे, मला न्यायला या, असं सांगायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

आणि ते वाचून सगळ्यांनी ठरवलं, म्हातारी विसरली.

मी रडले. भोंगासमोर. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्या आयुष्यातला तो विक्रम असेल.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी आली आणि कर्ण्यावर ओरडू लागली. समुद्रात पुन्हा वादळ फिरतंय. उद्या दुपारपर्यंत घरं सोडा.

६

सकाळी रेघ पत्र्याच्या वीतभर खाली होती. वीतभर जागेत माणसाचं काय मावतं? तोंड मावतं, वर केलेलं.

मी मिस्त्रींचा पाना घेतला आणि बाहेरून शिडी लावली.

"आई! खाली उतर!" धाकटी अंगणातून ओरडली. "वादळ येतंय आणि तू गल्लीतलं एकमेव छप्पर उघडतेयस?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायचं ते म्हणून बसलेत."

"तू या वयात..."

"वय काढू नकोस, मोठा पाना दे. हा सटकतोय."

वारा सुटला होता. नट गंजले नव्हते. ग्रीस लावून बसवले होते, माझ्या मेल्याने. एकेक नट हात भरून येईपर्यंत हलत नव्हता. मी त्यांना शिव्या घालत होते. इतकं चांगलं काम करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? एखादा बोल्ट ढिला ठेवला असता, एखाद्या कोपऱ्यात आळस केला असता.

मग शिडी हलली. धाकटी वर येत होती, दातात चिंधी धरून, हातात मोठा पाना. ती पलीकडच्या बाजूने सुरू झाली.

अचानक आमच्या तळव्यांखाली पत्रा वाजला. ठक ठक, ठाक.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. "ऊन नाहीये, आई," ती म्हणाली.

"माहीत आहे. चालू ठेव."

शेवटचा नट आला. पत्र्याला हात लावायच्या आधीच तो खालून उचलला गेला. वाऱ्याने उचलला असेल. वारा होताच. फटीतून चिखलाच्या पाण्याचा वास आला, खोल, थंड, बंद विहिरीसारखा. आणि पत्र्याच्या कडेवर आतून काहीतरी आलं. चार ओली बोटं, डाव्या हाताची. की चिखलाचे चार ओघळ? मी शपथेवर सांगणार नाही. ओघळ खाली जातात आणि हे वर आले होते, एवढंच सांगते.

मी हात पुढे केला. माझा हात कशाला तरी लागला आणि ते गार होतं.

मी डोळे मिटले. ती माझी भीती. इतकी वर्षं मी कुणासमोर डोळे खाली केले नाहीत, आणि तिथे मिटले. उघडले तेव्हा कडेवर काही नव्हतं. खाली पेटीवर स्टूल होतं. पत्र्यावर एक ओला पट्टा होता, कडेपासून आढ्यापर्यंत. आमच्या डोळ्यांदेखत वारा तो वाळवत होता.

"चल," धाकटी म्हणाली. तिने माझा हात धरला आणि सोडला नाही.

जाताना मी पुढच्या दाराला नवं फडकं बांधलं. पिवळं. गल्लीला दिसेल असं, सावकाश.

७

वादळ आमच्या कडेने गेलं. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि फिरलं.

परतलो तेव्हा भोंगा आमच्याआधी आमच्या दारात पोचली होती. "आहे! आहे गं, आहे फडकं!" ती ओरडली. कडीला पिवळं फडकं होतं, गाठ मी बांधली तशीच. होडीवाला मागून येत होता. त्याने गाठ ओढून पाहिली, ती हलली नाही. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"कडी मोकळी होती हे तू बरोबर वाचलंस रे," मी त्याला म्हटलं. "अर्थ मात्र आपण कोणीच नीट लावला नाही."

मी फडकं सोडलं, नियमाप्रमाणे, आणि आत नेलं.

मागच्या खोलीत आभाळ उतरलं होतं. भिंती ओल्या होत्या, पण पांढऱ्या. रेघ नव्हती. कोरी जागाही नव्हती, म्हणजे सगळीच कोरी होती. मी हात फिरवला, उतरलेल्या खांद्याचा वाक शोधला. चुना हाताला लागला, बाकी काही नाही. खाट, पेटी, स्टूल तसंच एकावर एक. आता ते नुसतं सामान होतं.

मला त्यांना बाहेर काढायचं होतं. बाहेर काढलं की ते जातील, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतके दिवस निदान भिंतीत होते. सकाळी उठून बघायला होते.

"आई," धाकटी दाराशीच थांबली होती. ती छपराकडे बघत होती. "वर बघ."

उघड्या पत्र्याच्या जागी, उघड्या पडलेल्या वाशाला, बाहेरच्या बाजूने एक फडकं बांधलेलं होतं. लाल. चिखलाने काळं पडलेलं, पण कडेचा हिरवा दोरा ओळखू येत होता. माझा टाका मला आंधळेपणीही ओळखता येईल. करकचून आवळलेली गाठ, शेपूट डावीकडे.

"सोडू का?" धाकटीने विचारलं. नेहमीसारखा मोठा आवाज नव्हता. "आत शिरणाऱ्याने सोडायचं असतं ना?"

"नको," मी म्हटलं. "बाहेर पडताना त्यांनी बांधलंय. राहू दे."

वाऱ्याने फडकं हलत होतं. मी त्याच्या बरोबर खाली, त्या खोलीच्या मधोमध उभी होते, पायांत चपला, हातात पिवळं फडकं. आणि वरचं फडकं सगळ्या गल्लीला सांगत होतं की आत कोणी नाही. मिस्त्री कधी खोटं बोलत नसत.